वकिलाची फी आणि पक्षकाराचा कागद

(अर्जुनी मोरगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



वकिलाच्या फीविषयी वकिलानं चारचौघांत बोलू नये, असा आमच्याकडे एक न लिहिलेला संकेत आहे. आयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला तेव्हा मी हा संकेत मोडायचं ठरवलं. आमच्या कचेरीत येणारा माणूस जमिनीचा वाद सांगतो, भावाभावांतलं भांडण सांगतो, फेरफाराचे कागद पुढे ठेवतो. हे सगळं सांगून झालं की खाली बघत म्हणतो, "साहेब, मले एकदाच सांगून द्या, एकंदर किती लागते?" या प्रश्नाला आमच्यापैकी बहुतेकांचं उत्तर ठरलेलं आहे: "बघू, आधी काम तर सुरू करू." माझ्या मते तालुक्याच्या ठिकाणी पक्षकार आणि वकील यांच्यात पुढे जी कटुता येते, त्यातली निम्मी या एका उत्तरातून येते. आजचं माझं सगळं बोलणं या उत्तराच्या विरोधात आहे.

न्यायालयाच्या आवारात टायपिंगच्या टेबलावर छापील वकालतनामा मिळतो. एकच पान. वर न्यायालयाचं नाव, प्रकरण क्रमांक आणि वादी-प्रतिवादींची नावं भरायला रेघा, एका कोपऱ्यात कोर्ट फीचं तिकीट, शेजारी वकील कल्याण निधीचं तिकीट, आणि मधे बारीक टायपातलं लांबच लांब वाक्य. पक्षकार त्याखाली सही करतो, नाहीतर अंगठा उमटवतो. त्या वाक्यात तो काय काय देऊन टाकतो, हे सावकाश वाचून पाहा. त्याच्या वतीनं हजर राहायचं, अर्ज द्यायचे, कागद दाखल करायचे आणि परत घ्यायचे, तडजोड करायची, दावा काढून घ्यायचा, न्यायालयात जमा झालेली रक्कम उचलायची, गरज पडल्यास दुसरा वकील जोडीला घ्यायचा, हे सगळे अधिकार त्यानं दिले. वकील जे करील ते आपल्याला मान्य राहील, असंही त्यानं लिहून दिलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तिसऱ्या आदेशातला चौथा नियम सांगतो की वकिलाची नेमणूक लेखीच हवी, आणि ती एकदा दाखल झाली की न्यायालयाच्या परवानगीनं संपेपर्यंत, पक्षकार वा वकील यांपैकी एकाचा मृत्यू होईपर्यंत किंवा काम पुरं होईपर्यंत चालू राहते.

इतका मोठा कारभार एका कागदावर येतो. फी किती, कोणत्या टप्प्याला किती, त्या फीत काय येतं आणि काय येत नाही, हे मात्र त्या पानावर कुठेही नसतं. पक्षकारानं वकिलाला काय दिलं ते लेखी असतं. वकिलानं पक्षकाराला काय कबूल केलं ते तोंडी राहतं.

मोठ्या शहरांत असं चालत नाही. मुंबईच्या फोर्ट भागात दीडशे वर्षांहून जुन्या सॉलिसिटर फर्म आहेत. क्रॉफर्ड बेली १८३० ची, लिटल अँड कंपनी १८५६ ची. अलीकडच्या काळात अशा मोठ्या फर्मकडे एखादी कंपनी काम घेऊन गेली की कामाला हात लागण्याआधी पत्र जातं. कोणतं काम घेतलं आणि कोणतं घेतलं नाही, काम कोण पाहणार, भागीदाराचा तासाचा दर काय, कनिष्ठाचा काय, प्रवास, नकला आणि वरिष्ठ वकिलाची फी वेगळी का, आगाऊ किती, बिल कधी, काम मधेच थांबलं तर हिशेब कसा, कागद किती वर्षं सांभाळणार, आणि समोरच्या पक्षाचं काम आपण आधी केलं आहे का, हे सगळं त्या पत्रात येतं. इंग्लंडमध्ये पक्षकाराला खर्चाची शक्य तितकी नेमकी माहिती देणं सॉलिसिटरवर बंधनकारक आहे, आणि डिसेंबर २०१८ पासून काही ठरावीक कामांचे दर जाहीरपणे मांडणंही. अमेरिकेत निकालातल्या रकमेचा वाटा फी म्हणून घेता येतो, पण तो करार लेखी हवा आणि त्यावर पक्षकाराची सही हवी, असं तिथल्या बार असोसिएशनचे नमुना नियम सांगतात.

ही पत्रं मी वाचली आहेत आणि त्यांच्याविषयी माझं मत संमिश्र आहे. त्यातला बराच मजकूर फर्मला सुरक्षित ठेवण्यासाठी असतो. आमची जबाबदारी अमुक रकमेपुरती, तमुक गोष्टीला आम्ही जबाबदार नाही, अशी कलमांवर कलमं. कंपनीकडे ते वाचायला स्वतःचा कायदा विभाग असतो. बोंडगावच्या किंवा गोठणगावच्या शेतकऱ्याकडे तो नसतो. म्हणून ते पत्र जसंच्या तसं इथे आणा, असं मी म्हणणार नाही. त्यातली एक गोष्ट आणा: काम सुरू होण्याआधी अटी कागदावर येतात, आणि त्या कागदाची प्रत पक्षकाराच्या घरी जाते.

ही कल्पना परकी वाटत असेल तर आपल्याच भागाचा इतिहास पाहू. कंपनी सरकारच्या बंगालमधल्या न्यायालयांत १७९३ च्या सातव्या रेग्युलेशननं वकिलांची सनद आणि फी दोन्ही ठरवून दिली होती. १८४६ च्या कायद्यानं वकील आणि पक्षकाराला फी आपसांत ठरवायची मोकळीक मिळाली. आणि मग आला १८७९ चा लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट. तो सुरुवातीपासून ज्या प्रांतांना पूर्ण लागू झाला, त्यांत मध्य प्रांत होता. आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला. तो भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. म्हणजे हा कायदा आपल्या आजोबा-पणजोबांच्या खटल्यांना लागू होता. त्याच्या २८ व्या कलमात असं होतं की प्लीडर, मुखत्यार किंवा महसुली एजंट यांनी पक्षकाराशी केलेला फीचा करार लेखी असेल, त्यावर पक्षकाराची सही असेल आणि तो पंधरा दिवसांत न्यायालयात दाखल झाला असेल, तरच वैध. पुढे असंही होतं की अशा करारावर वकिलानं दावा लावला आणि करार वाजवी ठरला नाही, तर न्यायालय रक्कम कमी करू शकेल किंवा करारच रद्द करू शकेल. निष्काळजीपणाची जबाबदारी अंगावरून झटकणारी अटही चालायची नाही.

जरा विचार करा. मालगुजारीच्या काळात, आजच्या मानानं साक्षरता नावापुरती असताना, सरकारला वाटलं की फीचा करार कागदावर हवा आणि तो न्यायाधीशाच्या नजरेखाली हवा. आज ती तरतूद नाही. १९२६ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) ॲक्टनं वकिलाला फी आपसांत ठरवण्याची आणि ती दावा लावून वसूल करण्याची मुभा दिली; निष्काळजीपणाबद्दल वकिलावर दावा होऊ शकतो, हेही त्याच कायद्यानं सांगितलं. लेखी कराराची सक्ती मात्र राहिली नाही. या एका बाबतीत आपण पुढे न जाता मागे आलो, असं मला स्पष्ट वाटतं.

सक्ती गेली तरी नियम आहेत, आणि ते चांगले आहेत. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियानं वर्तनाचे जे नियम केले, ते प्रत्येक पक्षकारानं एकदा तरी ऐकावेत. फी वकिलाच्या अनुभवाला आणि कामाच्या स्वरूपाला धरून असावी. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवावा. आलेली रक्कम फी म्हणून आली की खर्चासाठी आली, ते नोंदवावं, आणि खर्चासाठी आलेली रक्कम लेखी परवानगीशिवाय फीकडे वळवू नये. पक्षकाराच्या नावानं पैसे आले तर त्याला लवकरात लवकर कळवावं. पक्षकारानं मागितली तर हिशेबाची प्रत द्यावी. काम सबळ कारणाशिवाय आणि पुरेशी सूचना दिल्याशिवाय सोडू नये. सोडलंच तर न कमावलेली फी परत करावी.

यातला फी आणि खर्च वेगळा ठेवण्याचा नियम आपल्याकडे सर्वांत जास्त मोडतो. त्यामागे वाईट हेतू असतोच असं नाही, सवय असते. पक्षकार पेशीला येतो, मुन्शीच्या हातात पाचशे रुपये ठेवतो. त्यातले किती प्रोसेस फीला गेले, किती नकलांना, किती टायपिंगला, किती वकिलाला, कोणी लिहीत नाही. तीन वर्षांनी पक्षकार गावात सांगतो, "पन्नास हजार दिले," आणि वकील मनापासून म्हणतो, "मला तर निम्मेही मिळाले नाहीत." दोघंही खरं बोलत असतात. त्या दोघांच्या मधे वही नव्हती.

टक्केवारीबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण अपघाताची भरपाई आणि भूसंपादनाचा मोबदला या दोन कामांत ती ग्रामीण भागात सर्रास ऐकू येते. धरण असो, रस्ता असो, जमीन जाते आणि वाढीव मोबदल्यासाठी दाद मागावी लागते. ट्रकखाली घरातला कमावता माणूस जातो आणि विधवा न्यायाधिकरणाकडे येते. तेव्हा कोणीतरी म्हणतं: आता एक पैसा देऊ नका, रक्कम आली की इतके टक्के आमचे. हे बार कौन्सिलच्या विसाव्या नियमाविरुद्ध आहे. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायची नाही, मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही, असं तो नियम सांगतो. सर्वोच्च न्यायालयानं १९५४ मध्येच एका वकिलाच्या प्रकरणात असा करार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं म्हटलं होतं.

डिसेंबर २०१७ चा बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य हा निकाल तर आपल्या तालुक्यातल्या कोणत्याही घराची गोष्ट वाटावा असा आहे. नवरा अपघातात गेलेला. भरपाई मिळाली. वकिलाची फी भरपाईच्या प्रमाणात. बरीच रक्कम देऊन झाल्यावर आणखी फीपोटी चेक लिहून घेतला गेला. तो वटला नाही आणि त्या बाईवरच चेक न वटल्याचा फौजदारी खटला आला. न्यायमूर्ती आदर्श कुमार गोयल आणि न्यायमूर्ती उदय लळित यांच्या खंडपीठानं तो खटला रद्द केला. रकमेच्या टक्क्यांनी ठरलेली फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे आणि तिच्या वसुलीसाठी हा मार्ग वापरता येणार नाही, असं न्यायालयानं ठरवलं. फीवर नियंत्रण ठेवणारा कायदा करण्याचा विचार सरकारनं करावा, असंही त्यात म्हटलं, आणि त्यासाठी विधी आयोगाच्या १९८८ च्या १३१ व्या अहवालाची आठवण दिली.

टक्केवारीच्या बाजूनं जे बोललं जातं ते मी हलकं समजत नाही. ज्याच्याकडे आगाऊ द्यायला काहीच नाही, त्याचं काम कोण घेणार? अमेरिकेनं उत्तर दिलं: वाट्यावर घ्या, पण लेखी घ्या. आपल्या कायद्यानं उत्तर दिलं: वाटा घेऊच नका. मला आपल्याकडची बंदी पटते. वकिलाचा वाटा ठरला की तडजोड आज करावी की वर्षभर थांबावं, हा निर्णय पक्षकाराच्या गरजेवर राहत नाही, वकिलाच्या वाट्यावर जातो. आणि बंदी असताना चोरून ठरणारी टक्केवारी सर्वांत वाईट, कारण ती लिहिता येत नाही, आणि जे लिहिता येत नाही त्याचा हिशेब मागता येत नाही. गरिबाच्या कामाची सोय टप्प्याटप्प्यानं फी घेऊन होते आणि विधी साहाय्यातून होते. त्याकडे मी शेवटी येतो.

दुसरा दुखरा विषय फाईलचा. पक्षकाराला वकील बदलायचा असतो. जुने वकीलसाहेब म्हणतात, आधी बाकी चुकती करा, मग कागद न्या. नवा वकील म्हणतो, आधी ना-हरकत आणा. मधे पेशी निघून जाते, दावा गैरहजेरीत निकाली निघतो. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात हेच झालं होतं. भोपाळच्या सहकारी बँकेच्या वकिलानं फी बाकी आहे म्हणून बँकेच्या फाईल अडकवून ठेवल्या. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली ठाम सांगितलं: पक्षकाराच्या कागदांवर वकिलाला फीपोटी ताबा ठेवता येत नाही, फी वसूल करायची तर इतर मार्ग आहेत. ना-हरकत मिळत नसेल तर कारणं देऊन न्यायालयाची परवानगी घेऊन नव्या वकिलाला उभं राहता येतं, हेही नियमांतच आहे. मूळ सातबारा, खरेदीखत, वारसाचे दाखले हे पक्षकाराचे असतात. ज्याचे कागद त्याला द्या. त्यावर चर्चा नको.

इथे कोणी म्हणेल, फसवणूक झाली तर ग्राहक मंच आहे. तो आता या कामाला नाही. १४ मे २०२४ रोजी न्यायमूर्ती बेला त्रिवेदी आणि न्यायमूर्ती पंकज मिथल यांनी बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी या प्रकरणात ठरवलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. वकील म्हणून मी त्या निकालाचा आदर करतो. पण त्याचा अर्थ आम्हा वकिलांवरची जबाबदारी वाढली, असाच मी घेतो. पक्षकारापुढे राहतात दोन रस्ते: दिवाणी दावा, आणि राज्य बार कौन्सिलकडे कलम ३५ खाली गैरवर्तनाची तक्रार. दोन्हीकडे पहिला प्रश्न येतो, काय ठरलं होतं? कागद नसेल तर त्याला उत्तर नाही.

आता आमच्या बाजूची अडचण. खटला किती वर्षं चालेल, कोण जाणे. समोरचा मुदत मागतो, साक्षीदार येत नाही, अपील गोंदियाला जातं, तिथून नागपूर खंडपीठापर्यंत. अशा कामाची फी पहिल्याच दिवशी कशी सांगावी? अडचण खरी आहे. पण ती एकरकमी आकड्याची अडचण आहे, टप्प्यांची नाही. वाटणीचा दावा घ्या, जो आपल्याकडे सर्वांत जास्त येतो. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाल्यापासून मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क मुलाइतकाच आहे, त्यामुळे बहिणी आता विचारायला येतात. त्यातल्या एखादीला वकील अर्ध्या पानावर एवढं लिहून देऊ शकतो: नोटीस आणि दावा दाखल करण्याची फी इतकी. तूर्तातूर्त मनाईचा अर्ज असेल तर इतकी. मुद्दे निघाल्यावर पुराव्याच्या वेळी इतकी. युक्तिवादाला इतकी. ही फी या न्यायालयातल्या निकालापर्यंत. अपील आणि दरखास्त यांची वेगळी. कोर्ट फी, प्रोसेस फी, नकला, मोजणी, कोर्ट कमिशनर यांचा खर्च तुमचा, आणि प्रत्येकाची पावती मिळेल. मी नसलो तर माझे अमुक सहकारी उभे राहतील. पेशीची तारीख त्याच दिवशी कळवू. वकील बदलायचा असेल तर फाईल मिळेल आणि हिशेबही. खाली दोन सह्या, दोन प्रती.

असा कागद मराठीत हवा, हे वेगळं सांगायला नको. कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असल्याची राज्याची अधिसूचना १९९८ सालची आहे. आणि ज्याला वाचता येत नाही त्याला तो घरच्या कोणासमोर वाचून दाखवावा. खर्चात जी सूट मिळते तीही त्यात लिहावी. पोटगी, घटस्फोट, हिंसा आणि मालमत्तेचे वाद अशा बाबतींत महिला पक्षकारांना कोर्ट फीतून सूट देणारी १९९४ ची अधिसूचना महाराष्ट्रात आहे. आपल्या दाव्याला ती लागू होते का, हे बहिणींनी विचारलंच पाहिजे आणि वकिलानं न विचारता सांगितलं पाहिजे.

तरुण वकिलांना मला विशेष सांगायचं आहे. या कागदाचा पहिला फायदा तुम्हाला आहे. सुरुवातीच्या वर्षांत तुमची फी बुडते, कारण ती कधी ठरलेलीच नसते. मागायला संकोच वाटतो आणि पक्षकार धान विकल्यावर देतो म्हणून निघून जातो. टप्पे लिहिलेले असतील तर मागणं सोपं जातं, आणि वेळ आलीच तर १९२६ चा कायदा तुमच्या पाठीशी आहे. ज्याच्याकडे खरंच नाही त्याला कमी करा, माफ करा, पण तेही लिहा. गरजूला मोफत मदत करणं हे वकिलाच्या समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे, असं बार कौन्सिलचा ४६ वा नियम म्हणतो. १९५४ साली याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ पासून मुंबईत वकिली केली, आणि परळच्या त्यांच्या कचेरीत फी देण्याची ऐपत नसलेल्या माणसांची रीघ असे. आमच्या पेशाची इभ्रत अशा कचेऱ्यांनी वाढवली आहे.

तालुका वकील संघाला माझी जाहीर विनंती आहे. असा अर्ध्या पानाचा मराठी नमुना संघानं तयार करावा, त्यावर आकडे कोरे ठेवावेत, म्हणजे कोणाच्या फीवर बंधन येणार नाही, आणि तो वकालतनाम्याच्या शेजारी त्याच टेबलावर ठेवावा. यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही, बार कौन्सिलची परवानगीही लागत नाही.

आणि पक्षकारांना विनंती: वकालतनाम्यावर सही करण्याआधी हा कागद मागा. मागण्यात वकिलाचा अपमान नाही. ज्यांची फी देण्याची ऐपत नाही, त्यांनी आधी तालुका विधी सेवा समितीकडे जावं; ती न्यायालयातच असते आणि इथले ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या बाराव्या कलमाप्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. गोंड, हलबा बांधवांनी आणि प्रत्येक बहिणीनं हे लक्षात ठेवावं. समितीनं दिलेल्या वकिलानं तुमच्याकडून एक रुपयाही मागायचा नाही, असा नियम आहे. मागितला तर समितीकडे तक्रार करा. फोनवर विचारायचं असेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.